नानांचं प्रस्थान

आमचे शेजारी नाना टिपणीस सिलोनला सुट्टीवर निघाले आणि साडेचार वर्षं निघालेलेच राहिले. घराबाहेर पडली होती ती फक्त त्यांची ट्रंक, आणि ती आमच्या खोलीत होती.

नाना पन्नाशीचे, ब्रह्मचारी, गोदीजवळच्या एका ऑफिसात हेडक्लार्क. गिरगावातल्या आमच्या चाळीत जिन्याला लागून पहिली खोली त्यांची, गॅलरीच्या दक्षिण टोकाची शेवटची आमची. रद्दीत त्यांना सिलोनवरचं एक जुनं पुस्तक सापडलं आणि माणूस कामातून गेला. खोताची वाडी विचारत आलेल्या पाहुण्यांना त्यांनी एकदा भलतीकडेच, ठाकूरद्वाराकडे धाडलं होतं, पण सिलोनातल्या कँडी गावच्या तळ्यावरून बुद्धाच्या दंतमंदिराकडे कसं वळायचं हे ते बिनचूक सांगत.

आमची ही त्यांना मुद्दाम डिवचायची. "लंकेत अशोकवन बघणार का हो, नाना?"

"लंका नाही वहिनी, सिलोन. दोन हजार वर्षांचा बोधिवृक्ष आहे तिथं. श्रावणात हत्तींची मिरवणूक निघते. तुम्ही आपल्या रावणाला सोडायला तयार नाही."

अखेर रजा मंजूर झाली, पण गाडीच्या दिवशी मुहूर्त नव्हता. तेव्हा नानांनी दोन दिवस आधी प्रस्थान ठेवलं. चांगल्या मुहूर्तावर सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, की प्रवास सुरू झाला. मग माणसानं सवडीनं निघावं. सामान प्रवासाच्या दिशेला ठेवायचं असतं, म्हणून सिलोनसाठी आमची खोली. हिनं ट्रंकेला हळदकुंकू वाहिलं, वर सुपारी ठेवली. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," नाना म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. गिरगावात कर्फ्यू लागला, आमच्या गल्लीतल्या एका घरात सुतक आलं. सुट्टीचं नाव कोण काढणार? गाडी गेली, रजाही गेली. ट्रंक मात्र राहिली, कारण एकदा प्रस्थान ठेवलं की प्रवास केल्याशिवाय सामान घरी न्यायचं नसतं, असं नानांचं म्हणणं. पुढच्या वर्षी रजेचा विषय निघाला तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "मुंबई महाराष्ट्राला मिळाल्याशिवाय मी हलणार नाही. मी तिकडे हत्ती बघत बसायचो आणि इकडे मुंबई जायची. परत येऊन उतरू कुठल्या राज्यात?"



दहा बाय बाराची आमची खोली, त्यात खिडकीजवळचा एकुलता एक बरा कोपरा ट्रंकेनं अडवलेला. तिच्यावर हिचे पापड वाळत, इस्त्रीचे कपडे चढत. रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला नाना येत. "सामान बघून जातो जरा." पापड उचलून बाजूला ठेवत, कुलूप ओढून बघत आणि ट्रंकेवरच बसत. खुर्ची पुढे केली तर म्हणत, "नको, मी प्रवासात आहे." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चाळीच्या गणपतीचं सेक्रेटरीपद चालून आलं तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. मग चहा, मोर्चाच्या बातम्या, थोडं कँडी, आणि आठला उठत. मला त्या कोपऱ्यात आरामखुर्ची टाकायची होती हो, बाकी काही नाही. हीसुद्धा भांडी आपटत म्हणायची, "मेल्या त्या लंकेनं माझं घर खाल्लं."

शेवटी मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीवर दिवे लागले, ढोल वाजले. हिनं नानांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं. आता निघा."

नानांनी पेढा तोंडात टाकला. एवढासा पेढा, पण त्यांना तो संपवायला बराच वेळ लागला. "श्रावणात जातो," ते म्हणाले.

आणि गेले. हिनं हातावर दही घातलं. ट्रंक मी स्वतः जिना उतरून खाली नेली, बोरीबंदरला मद्रासच्या गाडीत चढवली आणि उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवून घरी आलो. त्याच संध्याकाळी आरामखुर्ची कोपऱ्यात पडली. सात वाजले. हिनं चहा आणला, तीन कप.

"चुकून झाला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही चुकूनच झाला. मलाही त्या खुर्चीत नीट बसवेना. तीन आठवड्यांत एकच कार्ड आलं: 'सुखरूप पोचलो. तळे पुस्तकाप्रमाणेच आहे.' यायचा दिवस उलटला. चार दिवस वर गेले. सिलोनहून धनुष्कोडीला येणारी बोट वेळेवर सुटते ना, हे मी ऑफिसात कुणाकुणाला विचारलं, आणि ही तर देवापुढे साखर ठेवून बसली.

पाचव्या दिवशी सातच्या सुमाराला जिन्यावर धडधड झाली. ट्रंक होती. नाना काळवंडलेले, दाढी वाढलेली. स्वतःच्या दारावरून पुढे आले, गॅलरी ओलांडून सरळ आमच्या दारात उभे राहिले. मद्रासला ताप आला म्हणून अडकले होते म्हणे.

"कसं होतं सिलोन?" मी विचारलं.

"सुरेख. हत्ती, मंदिर, सगळं सुरेख. नजर ठरत नाही." त्यांनी ट्रंक खाली ठेवली. "सात वाजले की खोलीत येऊन या ट्रंकेवर बसायचो. समोर कुणी नसायचं."

मग नाना चाचरत म्हणाले, "वहिनी, पुढच्या सुट्टीचं प्रस्थान ठेवायचं म्हणतो. मुहूर्त अजून बघायचाय."

"आत्ताचाच धरा," ही म्हणाली. माझी खुर्ची तिनं केव्हाच गॅलरीत काढली होती आणि ती हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली होती.

"पण नाना, जायचंय कुठं?" मी म्हटलं.

"ठरवू सावकाश," म्हणत नाना कोपऱ्यात ट्रंकेवर बसले. मी गॅलरीतल्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. खरं सांगतो, साडेचार वर्षांत मला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं.