सॅम्पलनानांची शाळा

आमच्या वाडीतल्या एका लग्नात नवरदेव मांडवाच्या दारात पाच मिनिटं खोळंबला, कारण सॅम्पलनाना दाराला बांधलेल्या केळीचं पान भिंगातून बघत होते.

"एक मिंट, नवरदेव. हिला पर्णगुच्छ रोग झालेला दिसतोय."

वाजंत्री थांबली. मुलीकडच्यांना वाटलं, म्हातारा अपशकुन सांगतोय. मुलीचा मामा बाह्या सरसावून पुढे आला. नानांनी पान त्याच्याच हातात दिलं. "नीट धरा, फोटो काढायचाय." मामाने धरलं. नानांचा आवाजच असा, की माणूस आधी धरतो आणि मग रागावतो.

दिसेल त्या झाडाचं सॅम्पल घेतात म्हणून सॅम्पलनाना; खरं नाव गणपत उतेकर. मुंबईत एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या. रोगांशी संबंध धुण्यापुरता. पण "आमच्या डिपार्टमेंटला" असं म्हणाले की ऐकणाऱ्याला वाटतं, डिपार्टमेंट हेच चालवत होते. निवृत्त झाल्यावर पोलादपूरच्या डोंगरात, आमच्या वाडीला परतले आणि पुण्याच्या कुठल्याशा संस्थेच्या उपक्रमात घुसले. शाळेतल्या मुलांनी घरोघरच्या परसातली भेंडी, मिरची, पपई, केळ तपासायची, विषाणूंनी आजारी पडलेली झाडं मोजायची आणि फोटोसकट नोंद पाठवायची. खिंडीत गेल्याशिवाय रेंज नाही. त्यामुळे दर शनिवारी अठरा मुलं आणि एक म्हातारा विज्ञान पाठवायला खिंड चढतात.

नाना माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. "मिरची कशी हाय?" एवढंच विचारतात. तुम्ही स्वतः तापाने फणफणला असाल, तर तो तुमचा खासगी प्रश्न.

मी या शाळेचा मुख्याध्यापक. शनिवारी नाना इथल्याच एका वर्गात मुलांची कार्यशाळा घेतात; मी मागच्या बाकावर बसतो, पण मला तिथे नीट बसवत नाही. करोनाच्या पहिल्या वर्षी नाना रजेवर गावी आले होते. इस्पितळातला माणूस म्हटल्यावर गावाची दातखीळच बसली. त्यांना याच वर्गात चौदा दिवस ठेवलं. कुलूप मी लावलं. रोज दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर भाकरी-कालवण ठेवायचो, ते आतून काही बोलायला लागले की पळायचो. अक्षरशः पळायचो. त्याची माफी मागायची अजून राहिली आहे. मी तोंड उघडलं, की नाना त्यात मिरची घालतात.

परवाच्या शनिवारी त्यांनी मुलांना विचारलं, "व्हायरस म्हंजे काय? सिंपल बात हाय. जिता नाय, मेलेला पण नाय. दाराबाहेर बसून हाय. आत घेतलात का जिता."

"आमच्या मुंबयच्या काकासारखा," आर्या म्हणाली. "गावाला आला का जेवणापुरता उठतो."

"काकाचा फोटो काढलास गो? फोटो नाय तर नोंद नाय."

मग सगळे शाळेच्या वाफ्याशी गेले. एका भेंडीवर केवडा रोग पडला होता. "पानाच्या शिरा बघा, पिवळ्या झाल्यात. पांढरी माशी ह्याचा रोग त्याला देते. मग करायचं काय? वेगळं करायचं."

"तुमाला कोंडलं होतं तसं?" मागून कुणीतरी विचारलं.

पोरं खदखदली. मुलं निरागस असतात असं म्हणणाऱ्याने कधी शाळेत शिकवलेलं नसतं.

"तसंच," नाना म्हणाले. "उपट."

मुलं घरी गेल्यावर मी वर्गात त्यांना गाठलं. "नाना, ते कुलूप मी..."

"बरोबर होतं. मी असतो तर दोन लावली असती."

इतकी वर्षं पाठ केलेली माफी एका वाक्यात निकालात निघाली. मला हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

"फक्त, भाकरी ठेवलीत का जरा थांबायचं होतं," नाना भिंग पुसत म्हणाले. "खिडकी होती ना मधे. कालवणात मीठ कमी हाय, एवढं तरी सांगितलं असतं."

मी खाली बघत विचारलं, "मग याच खोलीत कशाला येता दर शनिवारी?"

"तुमचा हजेरीचा तक्ता होता ना ह्या भिंतीवर. दिवसभर करायचं काय? सकाळी हजेरी घ्यायचो. मीच नाव घ्यायचो, मीच हजर बोलायचो. सगळी नावं पाठ झाली. रिटायर झालो तर वाटलं, आता तोंडं पण बघून घेऊ. बहुतेक सगळी भेटली, कोण शाळेत, कोण वाटेत. एक नाय. सानिका. पहिलीतली. कुठं असते?"

सानिका त्याच वर्षी आईबापाबरोबर गाव सोडून गेली. मुंबईला की सुरतेला, मला आठवेना. शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहून दिला होता.

"माहीत नाही," मी म्हणालो.

नानांनी भिंग खिशात ठेवलं.

"चांगली पोर होती," म्हणाले. "चौदा दिवसांत एकदा गैरहजर नाय."