श्रीपादअण्णांचा अंगठा

श्रीपादअण्णा डोसा चार बोटांनी खातात. उजव्या हाताचा अंगठा खाण्यापासून अलिप्त, सरळ वर उभा. बेंगळुरूच्या इंदिरानगरात आमच्या ऑफिसखाली जे हॉटेल आहे, तिथे नवीन वाढपी आला की त्याला वाटतं, हे गृहस्थ डोशाची तारीफ करताहेत. तो खूश होऊन आणखी चटणी वाढतो. अण्णा ती निमूट खातात. "अंगठा ऑफिसचा आहे," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "तूप लागलं की स्क्रीनवर घसरतो. मग चूक अ‍ॅपची की तुपाची, कसं कळायचं?"

मी पुण्याची. मोबाइल अ‍ॅप टेस्ट करणं हे माझं काम, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या गोष्टीत खोट काढायची आणि वर पगार घ्यायचा. आमच्या गावात हेच काम लोक फुकट करतात. अण्णा ती गोष्ट बनवणारे. त्यांचं घराणं पणजोबांपासून बेंगळुरूचं. स्वतः पन्नाशीचे, चामराजपेटात एका खोलीत एकटे राहतात, आणि आई गेल्यापासून मराठी फक्त माझ्याशी बोलतात. त्यातही मधूनमधून कन्नड डोकावतंच.

मध्यंतरी आमच्याकडे फोटोंच्या गॅलरीचं काम आलं. समारंभांचे फोटो काढणाऱ्या एका कंपनीला अ‍ॅप हवं होतं. वर-खाली सरकवलं की एकेक माणूस, आणि डावी-उजवीकडे सरकवलं की त्या माणसाचे सगळे फोटो. ऐकायला सोपं. पण अंगठा तिरका गेला तर अ‍ॅपने कुठं जायचं? या प्रश्नाने अण्णांना पछाडलं.

"सरळ कुणाचाच अंगठा जात नाही की," ते म्हणायचे. "कुठं जायचं मनात आहे, ते ओळखायला पाहिजे."

त्यासाठी ते लिफ्टमध्ये, बसमध्ये, चहाच्या टपरीवर अनोळखी माणसांपुढे फोन धरायचे. "स्वल्प सरकवून बघा." हा 'स्वल्प' कन्नडमधला, म्हणजे जरासं. लोक बिचारे फोटो बघायचे आणि अण्णा त्यांचा अंगठा बघायचे. एका बाईंना वाटलं, हा फोन विकायला आलाय. त्यांनी जुना आहे म्हणून नाक मुरडलं. रविवारीसुद्धा अण्णा बसने जे. पी. नगरपर्यंत जाऊन यायचे. तिकडे कोण असतं, मी विचारलं.

"कोणी नाही. पण बस भरलेली असते."

गॅलरी तपासायला ऑफिसातल्या सगळ्यांची नावं आणि ऑफिसातलेच फोटो घेतले होते. वाढदिवस, सहल, कुणाचा निरोप, फोटो काढायचे ते अण्णांनीच. "स्वल्प जवळ या. अजून स्वल्प." आम्ही जवळ यायचो, दात दाखवायचो आणि केकवर तुटून पडायचो. अण्णांच्या वाटणीचा तुकडा त्यांच्या टेबलावर कागदी बशीत वाळत पडायचा.

हळूहळू गॅलरी छान सरकू लागली. तिरका अंगठाही तिला कळू लागला. फक्त खाली जाता जाता एके ठिकाणी अ‍ॅप धाडकन बंद पडायचं. मी ती चूक, आमच्या भाषेत बग, नोंदवली. अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे, बघतो." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शुक्रवारी त्या कंपनीची माणसं अ‍ॅप बघायला येणार होती, आणि त्यांच्यासमोर बंद पडलं तर काम हातचं जाणार, हे साहेब येता-जाता ऐकवत होते. गुरुवारी दुपारी मी तणतणतच अण्णांच्या टेबलाशी गेले.

"अण्णा, नेमकं कुठल्या नावावर पडतंय?"

"माझ्या," ते म्हणाले. "त्या ओळीत फोटोच नाही. रिकामी ओळ आली की पडतंय."

इतक्या फोटोंत अण्णा एकाही फोटोत नव्हते. असणार कसे? फोन त्यांच्या हातात. तो घेऊन 'आता तुम्ही उभे राहा' म्हणावं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

"मग रिकामी ओळ लपवा ना. तुमच्या हातचा मळ आहे."

"केलं होतं. चाललं मस्त." ते स्क्रीनकडे बघत राहिले. "वरून खालपर्यंत सरकवत गेलो. सगळे आहेत, मी नाहीच. बघवेना ग. पुसून टाकलं."

अशा वेळी काय बोलावं ते मला कधीच सुचत नाही, कामच सुचतं. मी फोन काढला आणि म्हटलं, "उभे राहा." ते भिंतीला पाठ लावून पासपोर्टच्या फोटोसारखे उभे राहिले, अंगठा वर. तो फोटो त्यांच्या ओळीत घातला. अ‍ॅप बंद पडलं नाही. अण्णांनी अंगठ्याने फोटो डावीकडे ओढला. तो जरासा हलला आणि परत जागेवर आला.

"एकाने सरकत नाही," ते नेहमीच्या तपासणीच्या सुरात म्हणाले. "निदान दोन लागतात."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि हात लांब करून फोन धरला. "स्वल्प जवळ या," मी म्हटलं. "अजून स्वल्प."

संध्याकाळपर्यंत ते त्या दोन फोटोंमध्ये इकडून तिकडे, तिकडून इकडे करत होते. चेक करतोय, म्हणाले.

शुक्रवारी सकाळी नवं अ‍ॅप माझ्याकडे आलं. मी मुद्दाम एक रिकामी ओळ करून पाहिली. अ‍ॅप बंद पडलं नाही, आणि ओळ लपलीही नाही. नाव जागेवर होतं, आणि खाली इंग्रजीत एक वाक्य. यांचा फोटो अजून कुणी काढलेला नाही, स्वल्प जवळ जाऊन काढा. त्यातला 'स्वल्प' त्यांनी तसाच ठेवला होता. इंग्रजी अ‍ॅपमध्ये कन्नड शब्द, म्हणजे नियमाने हा बगच. मी तो नोंदवला नाही.