उजवी चार, पुढे खड्डा

आमच्या भोईवाड्यातल्या दिगंबर परबांना कुणी पत्ता विचारू नये. परवा एका कुरिअरवाल्याने ती चूक केली. "काका, कोर्ट किधर है?" म्हणाला. परबांनी डोळे मिटले, दोन्ही हात हवेत स्टिअरिंग धरल्यासारखे धरले आणि सुरू झाले: "ऐंशी मीटर, उजवी चार, पुढे खड्डा, आत कापू नको. तीस, डावी दोन, बारीक होते. मग शंभर सरळ, शेवटी ब्रेक." कुरिअरवाला "थँक्यू अंकल" म्हणाला आणि भलत्याच दिशेला गेला. थोड्या वेळाने तो पानवाल्याला पत्ता विचारताना मला गॅलरीतून दिसला.

ही मोटारींच्या रॅलीची भाषा. घाटातल्या शर्यतीत ड्रायव्हरच्या डावीकडे बसलेला माणूस वहीतून पुढचं वळण वाचून दाखवतो. वळणाला आकडा असतो. सहा म्हणजे जवळजवळ सरळ, एक म्हणजे गाडी स्वतःचीच शेपटी बघेल इतकं वाकडं. मला हे सगळं माहीत असण्याचं काही कारण नाही. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत तीस वर्षं मुलांना बाराखडी शिकवलेली बाई. पण परबांच्या समोरच्या खोलीत राहायचं तर ही बाराखडीही शिकावीच लागते, कारण ते माणसांनासुद्धा असेच आकडे देतात. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे "डावी एक, पुढचं काही दिसत नाही." माझी थोरली सून "उजवी पाच, पण रस्ता ओला." मला कोणता आकडा आहे ते मी विचारलेलं नाही.

परबांचे वडील गिरणीत साचे चालवायचे. मुलाने चालवलं ते वेगळंच. करी रोडच्या एका गॅरेजात ते मेकॅनिक म्हणून लागले. मालकाला रॅलीचा नाद होता आणि एकदा त्याचा ड्रायव्हर ऐन शर्यतीच्या सकाळी कावीळ होऊन झोपला. गाडी कुणी न्यायची? परब म्हणाले, "मी खोललीय, मीच चालवतो." शर्यतीत दुसरे आले. पुढल्या दहा-बारा वर्षांत त्यांनी इतके कप आणले की सुमनने, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकात चमचे ठेवले, एकात कांदे आणि सगळ्यात मोठ्यात तांदूळ.

मग परब मालक झाले. एका बंद गिरणीच्या शेडमध्ये स्वतःची टीम काढली. दोन गाड्या, सामानाचा एक टेम्पो, लाल डगल्यातली आठ माणसं. ती टीम काही वर्षं बरी चालली आणि मग अशा टीम चालतात तशी बसली. गाड्या गेल्या. टेम्पो राहिला आणि माणसं राहिली, कारण परबांना त्यांना जा म्हणता येईना. त्याच सुमारास चाळी पाडून टॉवर उभे राहायला लागले आणि अख्खं लालबाग-परळ घरसामान उचलून इकडून तिकडे निघालं. परब टेम्पो घेऊन हजर. आज त्यांचे चार टेम्पो आहेत, दारांवर अजून शर्यतीचे नंबर आहेत, आणि कपाटं उचलणाऱ्या माणसांना कुणी हमाल म्हटलेलं त्यांना खपत नाही. "टीम आहे ती माझी," म्हणतात.

आणि टीमसारखंच काम. परब गळ्यात स्टॉपवॉच घालून चाळीच्या दारात उभे राहतात, शिट्टी मारतात आणि माणसं जिन्यावर तुटून पडतात. आमच्या मागल्या चाळीतल्या शिर्क्यांचं घर हलवलं तो दिवस मी डोळ्यांनी बघितलाय. दोन खोल्यांचं सामान, देव्हाऱ्यासकट, एकोणीस मिनिटांत टेम्पोत. परबांनी घड्याळ दाबलं, टाळ्या झाल्या, टेम्पो हलला. मग शिर्क्यांची सून ओरडत आली, "बाबा कुठायत?" बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. टीमने खुर्ची उचलली होती. टेम्पोचं मागचं फळकूट उघडलं तेव्हा शिर्केकाका आत, फ्रिज आणि गाद्यांच्या मधे, तसेच बसलेले. पेपरही हातात. "एवढी स्वच्छ उचल आयुष्यात बघितली नाही," म्हणाले. परबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, आनंदाने.

पण परबांचं खरं वैभव म्हणजे सुमन. शर्यतीत त्यांच्या डावीकडे बसून वही वाचायची ती. आधी दुसरा एक माणूस होता, तो प्रत्येक घाटात ओकायचा. एकदा त्याने हात जोडले. सुमन डबा घेऊन तिथे आली होती, नवीन लग्न, हातात अजून हिरवा चुडा. परब म्हणाले, "बस. लिहिलंय तेवढं वाच." सुमन टेलिफोन खात्यात होती, आवाज खणखणीत आणि बर्फासारखा थंड. शेजारी दरी असो की समोर बैलगाडी, ती रेशनची यादी वाचावी तशी वाचायची. आमच्या पिढीची बाई, नवऱ्याला "अहो" म्हणणारी. पण "अहो, जरा डावीकडे घेता का" म्हणेपर्यंत गाडी खाली गेली असती. म्हणून गाडीत "घे डावी!" आणि दार उघडून खाली उतरली की "अहो, रुमाल घ्या." सासूबाईंनी ते एकदा ऐकलं आणि दोन दिवस बोलल्या नाहीत.

मागच्या वर्षी भाजी निवडताना सुमन कलंडली. मेंदूत गुठळी. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. सगळं समजतं, डोळ्यांतून कळतं, पण शब्द ओठांशी येत नाही. मी तिच्याशी बोलायला जायची आणि घरी येऊन रडायची, खोटं कशाला सांगू.

परब रडले नाहीत. त्यांनी कामच काढलं. सुमनला बोलतं करायचं, बस्स. टेम्पोंचा कारभार टीमवर सोडला आणि दर मंगळवारी तिला घेऊन वाचोपचाराच्या बाईंकडे, परळच्या एका इस्पितळात, जायला लागले. बाईमाणूस बरोबर हवं म्हणून त्यांच्या घरच्या जुन्या मोटारीत मागच्या सीटवर मी. तिथेही यांचं स्टॉपवॉच! त्या तरुण बाई चित्रांची कार्डं दाखवायच्या, आंबा, घर, हत्ती, आणि परब घड्याळ दाबून बसायचे. शेवटी बाईंनी ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. "काका, ही रेस नाहीये."

"माहीत आहे हो," परब म्हणाले. "पण तिला हत्ती कशाला विचारता? हत्तीशी तिचं काय काम?"

घरी येऊन त्यांनी स्वतःची युक्ती काढली. एका वहीत घर ते इस्पितळ, सगळी वळणं लिहिली. चौदा. वही सुमनच्या मांडीवर, सुमन डावीकडच्या सीटवर. प्रत्येक वळणाच्या आधी परब गाडी रांगायला लावायचे आणि थांबायचे. मागे हॉर्नचा गोंधळ, आमच्या भागात रिक्षा नाहीत म्हणून बरं, टॅक्सीवाले काय काय बोलायचे. परब आपल्या मालवणीत म्हणायचे, "सांग गो, खंय जावचा?" सुमन वहीकडे बघायची. ओठ हलायचे. काहीच यायचं नाही. मग परब गुपचूप वळायचे. स्वतः वळणाचं नाव कधी घेतलं नाही. ते तिचं काम होतं.

"अहो भाऊजी, तिला त्रास होतोय," मी एकदा म्हटलं.

"कांबळेबाई, तिनं माझं ऐकलं नाही कधी. मी तिचं ऐकलं. आता मीच बोलायला लागलो तर ती कशाला बोलेल?"

असे किती मंगळवार गेले. मग त्या बाईंनी परबांना बाजूला घेऊन सांगितलं, काहीच फरक दिसत नाही, पुढच्या खेपेला शेवटचं तपासते, नाहीतर हे थांबवू या, उगाच हेलपाटे. परब मान हलवत बाहेर आले. त्या आठवड्यात त्यांनी कुणालाही आकडा दिला नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटला तेव्हा "नमस्कार" म्हणाले. सेक्रेटरी घाबरून माझ्याकडे विचारायला आला.

तो मंगळवार आला. सुमनला मी पिवळी साडी नेसवली. अकराची वेळ होती. पहिली वळणं नेहमीसारखी गेली, परब विचारायचे, ती गप्प, गाडी वळायची. मोठ्या नाक्यावर आलो. इस्पितळ डावीकडे, शाळेतलं पोरही सांगेल. परबांनी गाडी रांगायला लावली. मागून बस भोंगा वाजवतेय.

"सांग गो."

सुमनची मान वहीवरून वर आली. गळ्यात काहीतरी घरघरलं. आणि स्पष्ट, त्याच थंड आवाजात, फक्त जरा घोगरा, ती म्हणाली, "उजवी."

मला वाटलं मलाच भास झाला. परबांचा हात स्टिअरिंगवर थांबला एवढंच. मग त्यांनी इंडिकेटर दिला. उजवीकडचा.

"अहो भाऊजी! इस्पितळ डावीकडे! बाई थांबल्यात तिकडे!"

"मागच्यांनी बोलायचं नाही," परब म्हणाले आणि सगळा नाका अडवून, बसवाल्याच्या शिव्या खात, उजवीकडे वळले.

पुढच्या चौकात त्यांनी परत गाडी हळू केली. मागे परत हॉर्न. "सरळ," सुमन म्हणाली. वही मांडीवरून खाली पडली होती, तिच्याकडे कुणी बघितलं नाही. करी रोडचा पूल गेला, टॉवर गेले. मधे दोनदा ती अडकली, डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा परब रस्त्याच्या कडेला थांबून राहिले, घाई नाही, घड्याळ नाही. मग एक "डावी" आली. तिला नाक्यावर डावी म्हणायचं होतं आणि तोंडातून उजवी आलं, की त्या हत्तीच्या कार्डांना कंटाळून तिने मुद्दाम आम्हाला भलतीकडे नेलं, मला आजही माहीत नाही. परबांना तर तो प्रश्नच पडला नाही. ते चालवत होते. आरशात मला त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता आणि तो माणूस तिशीतला दिसत होता.

वरळी कोळीवाड्याशी रस्ता अरुंद झाला. पुढे होड्या, बांबूवर वाळत घातलेले बोंबील, टोपल्या घेतलेल्या बायका. "थांब," सुमन म्हणाली.

परबांनी इंजिन बंद केलं. मग त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि ते रडले, मोठ्याने, अगदी लहान मुलासारखे. एक कोळीण वाकून काचेतून बघून गेली. सुमनचा त्यांच्या बाजूचा हात लुळा. तिने दुसरा, डावा हात स्वतःच्या अंगावरून पलीकडे नेला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वाचोपचाराच्या बाई. साडेअकरा वाजून गेलेत, तुम्ही येताय ना? मी म्हटलं, "सॉरी हो बाई, आम्ही रस्ता चुकलो."

परब ताडकन वर झाले. नाक लाल, गाल ओले. मागे वळून माझ्यावर असे ओरडले की मी फोन जवळजवळ टाकलाच.

"चुकलो कोण म्हणतं? त्या बाईंना सांगा, बरोबर आलोय. हिनं सांगितलं तिथंच आलोय!"