नारदाच्या गादीवरून ॲडमिशन

“ॲडमिशनचं माझ्यावर सोडा!” मोहनराव म्हणाले आणि घरातले सगळे धास्तावले.

तसं मोहनरावांवर सोडलेलं काम व्हायचं, नाही असं नाही. पण होता होता त्यात इतकी माणसं, इतक्या गाड्या आणि इतके हारतुरे शिरायचे की मूळ काम काय होतं ते शोधत बसावं लागायचं. माणूस पंचायत समितीचा माजी सभापती. पद जाऊन जमाना झाला, पण नेकनूरच्या बाजूला कुणाची बदली अडली, कुणाची सोयरीक फिसकटली, की लोक अजून यांच्याच ओट्यावर येऊन बसत. एकदा एक जावई रुसला होता, तर हे त्याच्याकडे शिष्टमंडळ घेऊन गेलते! जावई घाबरून त्याच दिवशी नांदायला तयार झाला.

या खेपेला काम लेकीचं होतं. राजनंदिनीला पुण्यातल्या एका मिशनच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकायचं होतं. तिथं अर्ज ढिगानं येतात आणि घेतात मूठभर. पोरीनं लेखी परीक्षा झोकात काढली. आता एकच पायरी राहिली होती. विद्यापीठ ख्रिस्ती, पण नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही ज्या धर्मात वाढलात, त्यातल्या एका जाणत्या माणसाचं नाव आणि नंबर द्या. तो तुम्हाला चांगला ओळखणारा हवा. आम्ही त्याला फोन करू आणि विचारू, ही मुलगी माणूस म्हणून कशी आहे?

जमलं तर पुणं. नाही जमलं तर मोहनरावांच्या एका दोस्तानं काढलेलं कॉलेज. तिथं बोर्ड लागला होता, मास्तर अजून यायचे होते. राजनंदिनीला त्या बोर्डाचं स्वप्न पडलं तरी घाम फुटायचा.

तिनं नाव दिलं छबुबाईंचं. छबुबाई म्हणजे गावातल्या बायकांच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. राजनंदिनी परकर नेसायची तेव्हापासून त्यांच्याकडे टाळ धरून बसायची.

“छबुबाई?” मोहनराव खाटेवरून ताडकन उठले. “आगं, पुण्याचा फोन यील आन् ही बाई गुडघ्याचं दुखणं सांगत बसंल!”

“आण्णा, पण त्या मला वळखत्यात.”

“वळखीनं काय व्हतंय? नाव दणदणीत पायजे! कड्याच्या अजिनाथ महाराजांचं देऊ.”

अजिनाथ महाराज म्हणजे मोठे कीर्तनकार. त्यांची तारीख मिळवायची तर लग्नाच्या हॉलसारखी आधी धरून ठेवावी लागते.

राजनंदिनीची आई, विजयमाला, चुलीपाशी होती. तिनं साधंच विचारलं, “पर महाराज पोरीला वळखत्यात का?”

“मला वळखत्यात की!” मोहनराव म्हणाले आणि लेकीचा मोबाईल घेऊन अर्जातलं नाव स्वतःच्या हातानं बदलून टाकलं. राजनंदिनी एकदा म्हणाली, “आण्णा, नको.” मग गप्प बसली. आण्णांच्या पुढं फार बोलून उपयोग नसतो, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर तिलाही वाटून गेलं, मोठ्या नावानं जमलंच तर?

मोहनरावांनी लगेच महाराजांना फोन लावला. “महाराज, एवढंच सांगा. पोरगी एकादशी करती, कुणाला उलटून बोलत न्हाई, लहानपणापासून माझ्या डोळ्यासमोर हाय.”

“बरं बरं,” महाराज म्हणाले. ते तेव्हा जेवत होते.

इथवर सगळं ठीक होतं. पण पुण्याचा फोन आला तो नेमका गावच्या सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, काल्याचं कीर्तन रंगात आलेलं असताना! आणि कीर्तन कुणाचं? अजिनाथ महाराजांचं!

आता मंडळी, दुसरा कुणी असता तर त्यानं म्हटलं असतं, वाजू दे, मागनं करू. पण मोहनरावांनी फोन चुकू नये म्हणून महाराजांचा मोबाईल सकाळीच ताब्यात घेतलेला. तो खिशात थरथरला आणि मोहनराव उठले. म्हाताऱ्यांचे पाय तुडवत, “पुणं! पुणं!” असं ओरडत ते गादीपर्यंत पोचले. मृदंगवाल्याला वाटलं, आग लागली. त्यानं हात आवरला. टाळ थांबले. मोहनरावांनी मोबाईल महाराजांच्या हातात दिला, आणि महाराजांना नीट ऐकू यावं म्हणून मायेनं स्पीकर चालू केला. महाराजांच्या गालाला माईक चिकटवलेलाच होता.

“नमस्कार, मी सिस्टर फिलोमिना बोलतेय!” मंडपाच्या चारी कोपऱ्यांतून आवाज आला.

“राम कृष्ण हरी!” सगळ्या गावानं उत्तर दिलं.

सिस्टर गोंधळल्या. “तुमच्यासोबत बरेच लोक आहेत का?”

“ताई, मी कीर्तनात उभा हाय,” महाराज म्हणाले.

“अरे! मग मी नंतर करते.”

“न्हाई न्हाई, आत्ताच करा!” मोहनराव खालून ओरडले. तेही माईकनं टिपलं.

“बरं,” सिस्टर म्हणाल्या. “राजनंदिनीला तुम्ही किती वर्षांपासून ओळखता?”

मोहनरावांनी दोन्ही हातांची बोटं पसरून वर धरली. महाराजांनी बोटांकडे पाहिलं. मग आपल्या पायांकडे पाहिलं. कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी. तिथं उभं राहून खोटं बोलायचं नसतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मोहनरावांना गावातली प्रत्येक खुर्ची कशी हलवायची ते माहीत होतं, फक्त ही गादी ते विसरले होते!

“ताई,” महाराज हळू आवाजात म्हणाले, “घरी आसतो तर धा वर्षं म्हणलो आसतो. पर नारदाच्या गादीवर उभा हाय. मी ह्या लेकराला वळखत न्हाई.”

बायकांच्या बाजूला बसलेल्या राजनंदिनीच्या डोळ्यांपुढं दोस्ताच्या कॉलेजचा तो बोर्ड आला. संपलं पुणं! मोहनराव मंडपाच्या कडेला धावले. तिथं शहादेव साउंडवाला बसला होता.

“माईक बंद कर बे!”

शहादेवनं घाबरून हाताला लागलं ते बटण दाबलं. मंडपातले सगळे पंखे बंद झाले. माईक मात्र ठणठणीत चालू.

“पर ताई, गाव वळखतं हिला,” महाराज पुढं म्हणाले. “गाव हितंच बसलंय. त्याला इचारा की!”

छबुबाई पदरानं वारा घेत उठल्या आणि त्यांनी टाळकऱ्यांपुढचा माईक ओढून घेतला. “मी वळखते. ताई, खरं सांगू? पोरीचा आवाज बेसूर हाय. टाळ तर कधीच ठेक्यात वाजला न्हाई. तोंडानं फटकळ. मला, माझ्याच दारात, तोंडावर म्हणली, ‘आज्जी, तुमी सुनंला लई बोलता!’”

मोहनरावांनी कपाळाला हात लावला.

“मी महिनाभर बोलले न्हाई तिच्याशी,” छबुबाईंचा आवाज जरा खाली आला. “मग माझ्या सुनंचं लेकरू गेलं. सून बोलायचीच थांबली. आमी देव केले, दवाखाने केले. ही पोरगी रोज दुपारी यायची. काय समजावायची न्हाई, काय न्हाई. शेजारी बसून शेंगा फोडायची. एक दिवस सून आपणहून म्हणली, ‘आज मीठ टाकून भाजू का?’ तवा मी आत जाऊन रडले, ताई. एवढंच मला सांगायचं व्हतं.”

मग बजरंग नावाचा एक गडी मागून उठला. “माझं पिणं हिनंच बायकोला सांगितलं! लई राग हाय मला हिचा. पर हिनं खोटं सांगितलं असं म्हणता येत न्हाई.”

मंडप हसला. सिस्टरही हसल्या असाव्यात, कारण स्पीकर खरखरला. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “राजनंदिनी तिथं आहे का? मला तिच्याशी बोलायचंय.”

राजनंदिनी उठून पुढं आली.

“तुला न ओळखणाऱ्या माणसाचं नाव तू का दिलंस?”

आण्णांनी दिलं, एवढं म्हटलं असतं तरी सुटली असती. मोहनरावांनाही वाटलं, म्हण बाई, घाल माझ्या माथ्यावर.

“मी आधी छबुआज्जींचं दिलं होतं,” ती म्हणाली. “मग ते बदललं गेलं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. मला तिथं यायचंच होतं, म्हणून. चुकलं माझं.”

आयुष्यात मोहनरावांनी किती सभा गाजवल्या, पण असं उभं राहून बोलणं त्यांना एकदाही जमलं नव्हतं. लेकीचा एवढा अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता, आणि स्वतःची एवढी लाजही. ते माईकजवळ गेले. “ताई, नाव मी बदललं. पोरीला सजा देऊ नका.”

“निकाल कळवू,” सिस्टर म्हणाल्या. बस्स, तेवढंच.

मोहनराव कुणाकडं न बघता मंडपामागं गेले आणि बुंदीच्या कढईजवळ डोकं धरून बसले. मंडपात कीर्तन पुढं चालू झालं, काला झाला, पंगती बसल्या. त्यांना घास गेला नाही.

निकाल आला. निवड झाली! गावानं फटाके वाजवले. मोहनरावांनी फक्त एक पेढ्याचा पुडा आणला आणि तो आधी छबुबाईंना नेऊन दिला. गावाला वाटलं, माणूस आजारी आहे.

लेकीला सोडायला ते विजयमालासोबत पुण्याला गेले. गेटपाशीच पांढऱ्या कपड्यांतल्या सिस्टर फिलोमिना भेटल्या. मोहनरावांनी हात जोडले. “मी राजनंदिनीचा बाप. त्या दिवशी लई गोंधळ घातला.”

“तुम्हीच मोहनराव!” सिस्टर प्रसन्न हसल्या. “भेटायची फार इच्छा होती. त्या दिवशी महाराज फोन बंद करायला विसरले. तुम्ही मंडपातून गेल्यावर तुमचं गाव बराच वेळ बोलत होतं.”

“राजनंदिनीबद्दल?”

“नाही. तुमच्याबद्दल.”

मोहनराव पुढं सरकले. “काय म्हणले?”

“माफ करा,” सिस्टर नम्रपणे म्हणाल्या, “एखाद्याबद्दल लोकांनी आम्हाला काय सांगितलं, हे आम्ही त्याला कधीच सांगत नाही.”

पुणं ते बीड, सबंध वाटेत मोहनरावांनी एकेकाला फोन लावला. बजरंगला, शहादेवला, भावकीला, शेवटी छबुबाईंनाही. “काय बोललात माझ्याबद्दल? खरं सांगा!”

सगळ्यांचं उत्तर एकच आलं. ते म्हणे तेव्हा जेवायला गेलते.