राइमोपंतांनी यंत्राची गादी बदलली त्याची हकीकत

स्वस्ति श्री. फिनिश मुलखी, कुओपिओ शहरी, सरोवराचे काठी, पिहलाया नामे चार मजली इमारत, तेथील समस्त बिऱ्हाडांनी आज्ञा केली की, जाहाला प्रकार खरा खरा लिहून ठेवावा, म्हणजे पुढील पिढीस यंत्राचे कामी अक्कल येईल. त्यावरून ब जिन्यातील दुसऱ्या मजल्यावरच्या बखरकाराने ही हकीकत लिहिली ऐसीजे. बखरकाराची भिंत आणि राइमोपंतांची भिंत एकच, आणि ती भलतीच पातळ, सबब यातील मजकूर ऐकीव आहे, परंतु फार स्वच्छ ऐकू आलेला आहे.

राजमान्य राजेश्री राइमोपंत पाकारिनेन, वय वर्षे चौसष्ट, टेलिफोन खात्यातून सन्मानाने निवृत्त, फ्लॉपीच्या जमान्यापासून संगणकाशी दोन हात केलेले पुरुष. इमारतीत कोणाचा प्रिंटर रुसला तर न बोलावता हजर होत, आणि एकदा बसले की अडीच तास उठत नसत, आणि उठताना प्रिंटरखेरीज आणखी दोन वस्तू बंद पडलेल्या असत. इमारतीची खरी दौलत म्हणाल तर तळघरातील सौना, म्हणजे वाफेची खोली. दर बिऱ्हाडास आठवड्यातून एक तास, आणि तासांची यादी दर हिवाळ्यास नवी लागे. ती करण्याचा अधिकार एकोणीस वर्षे पंतांकडे. आणि शुक्रवार संध्याकाळी सातची पाळी, जिच्यासाठी सख्खा भाऊ भावाशी अबोला धरील, तीही एकोणीस वर्षे पंतांकडेच. कोणी विचारले तर पंत हात वर करीत आणि म्हणत, की वाटप यंत्र करते, मी नाही, यंत्राला नातेगोते नसते. यंत्रापुढे कोण काय बोलणार?

ऐसे सुखात चालले असता खिडक्यांच्या पातशाहीतून फर्मान आले. यंत्राची गादी, जीस सामान्य जन ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती जुनी जाहाली, अमुक मितीपासून तिचे संरक्षण बंद, नवी गादी फुकट मिळेल, परंतु तुमचे यंत्र वयाने बाद आहे, सबब यंत्र नवे घेणे. पंतांचे यंत्र नऊ वर्षांचे, ठणठणीत, पंतांहून लवकर जागे होणारे. फर्मान वाचून पंतांच्या तळपायाची आग मस्तकी गेली आणि त्यांनी शपथ वाहिली, की या दारी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

मग मसलत सुरू जाहाली, ती अकरा महिने चालली. सफरचंदवाल्यांची गादी सुबक, परंतु ती त्यांच्याच यंत्रासह घ्यावी लागते, म्हणजे पलंगासाठी वाडा विकत घेणे, म्हणून ती बाद. उरली पेंग्विनाची. ही गादी फुकट, कोणा एका धन्याची नाही, परंतु तिचे सरदार शंभर, आणि प्रत्येकाचा झेंडा वेगळा, आणि प्रत्येकाचे म्हणणे की बाकीचे नव्याण्णव गाढव. पंतांनी सरदारांची चव्वेचाळीस रकान्यांची तुलना मांडली. एकवीस सरदार आळीपाळीने यंत्रावर बसवून पाहिले. रोज सकाळी राय धान्याच्या भाकरीसोबत त्यांच्या भांडणांची बातमीपत्रे वाचली आणि स्वतःही तीनदा भांडले. एवढी तयारी होऊन अखेर ज्याच्या पडद्यावर तळ्याचे चित्र होते त्याला गादी दिली. तसलेच तळे त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. पण ते फुकट दिसते म्हणून त्याची किंमत नाही, दुसरे काय!

तेव्हां इमारतीचा वार्षिक दरबार भरला. तेथे अ जिन्यातील ओइलीबाई केत्तुनेन उभ्या राहिल्या. बाई पूर्वी चार वर्षे स्कॉटलंडात अबर्डीन येथे परिचारिका होत्या. जिभेला हाड नाही आणि स्मरणशक्तीला गंज नाही, असा त्यांचा लौकिक. त्यांनी प्रश्न केला, की यंत्र निःपक्षपाती असेल तर एकोणीस वर्षांत एकदा तरी चुकून शुक्रवार सात माझ्या वाट्याला कसा आला नाही. दरबारात कोणी हसले. मग ठराव जाहाला, की नवी यादी येत्या शुक्रवारी दुपारी बाराच्या आत फलकावर लागली तर उत्तम, न लागली तर यादीचा अधिकार ओइलीबाईंकडे जाईल. पंत म्हणाले की बारा कशाला, बुधवारीच लावतो.

बुधवारी सकाळी पंतांनी कॉफीची किटली भरून घेतली आणि मोहिमेस हात घातला. एकोणीस वर्षांची यादी, पाळ्यांचे हिशेब, सर्व दप्तर आधी एका पेन ड्राइव्हवर काढून ठेवले, आणि जुनी गादी पुसून टाकली. मग नव्या सरदाराने विचारले, की कीबोर्ड कोणत्या देशीचा. पंतांनी प्रश्न न वाचताच पुढे ढकलले, कारण अनुभवी पुरुष प्रश्न वाचीत नाही, आणि न वाचता ढकलले की उत्तर इंग्रजी धरले जाते. मग सरदाराने विचारले, की दप्तराच्या तिजोरीस परवलीचा शब्द कोणता. पंतांनी आपल्या भाषेतील प्रसिद्ध शब्द योजिला, ‘ह्यॅयोआइए’. अर्थ: लग्नाच्या रात्रीचा बेत. लिहिताना आठ अक्षरे, त्यात सलग सात स्वर, आणि तीन अक्षरांच्या डोक्यावर दोन दोन टिंबे. शब्द टंकताना पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटले, ते पंतांस पुरेसे वाटले. मग शेवटच्या पायरीस त्यांच्या ध्यानी आले, की कीबोर्ड इंग्रजी राहिला, तो फिनिश करून टाकला. मग सारे दप्तर तिजोरीत ठेवले, आणि एकाच दप्तराच्या दोन प्रती ठेवणे हे नवशिक्यांचे लक्षण म्हणून पेन ड्राइव्ह धुऊन स्वच्छ केला. आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केले.

यंत्राने परवलीचा शब्द मागितला. पंतांनी दिला. यंत्र म्हणाले, चूक. पंतांनी पुन्हा दिला, सावकाश दिला, एका बोटाने दिला, शेवटी कळांवर हात आपटून दिला. यंत्राचे उत्तर तेच. आपल्याच किल्ल्याच्या दाराशी धनी उभा, आत आपलेच दप्तर, आणि तट असा भक्कम की बांधणाऱ्यास फोडता येईना.

बुधवार गेला. गुरुवारी सकाळी हिल्क्काबाई, म्हणजे पंतांचे कुटुंब, दारात येऊन उभ्या राहिल्या आणि जे बोलल्या ते भिंतीतून जसेच्या तसे आले.

“राइमो, अरे चौदा बिऱ्हाडं आहेत. कागद घे, पेन्सिल घे, लिही.”

“तू यात पडू नकोस. हे सिस्टीमचं काम आहे.”

“माझ्या आजीच्या गावात अख्ख्या गावाची सौना होती, तिला कुठली सिस्टीम होती?”

“तेव्हा लोक कमी होते.”

“बावीस घरं होती, मेल्या!”

यावर पंतांनी एकशे सत्तावीस वेळा शब्द टंकला. हिल्क्काबाईंनी कोट चढविला आणि बाहेर गेल्या, कोठे गेल्या हे पंतांनी विचारले नाही. त्याच दिवशी त्या बखरकाराच्या दारीही येऊन गेल्या, परंतु ते पुढे येईल.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता ओइलीबाई स्वतः चालून आल्या. येण्याचा हेतू शत्रूचा पाडाव डोळे भरून पाहण्याचा होता, हे त्यांनी पुढे स्वमुखे कबूल केले. परंतु पंत दाढी न केलेले, डोळे लाल, आणि समोर तोच काळा पडदा, हे पाहून बाईंची परिचारिका जागी जाहाली.

“काय झालंय नक्की? नीट सांग.”

“शब्द बरोबर आहे. यंत्र चूक म्हणतं.”

“टिंबाची अक्षरं आहेत का त्यात?”

पंतांनी बोटांवर मोजली, तीन भरली.

“अरे, अबर्डीनला मी भावाला पत्र लिहायचे ना, तर टिंबाचा ओ दाबला की अर्धविराम यायचा. टिंबाचा आ दाबला की अवतरणचिन्ह. त्या कीबोर्डवर आपली अक्षरंच नाहीत. अख्खं पत्र म्हणजे नुसत्या माश्या बसलेल्या! तू शब्द ठेवलास तेव्हा कीबोर्ड कुठला होता?”

तेव्हां पंतांस उमगले. बोटांनी कळा बरोबर दाबल्या होत्या, यंत्राने भलतेच ऐकले होते, आणि काळ्या ठिपक्यांनी ते झाकले होते.

“बोल, शब्द काय? कुठे काय यायला हवं ते मी सांगते.”

“तो कोणाला सांगायचा नसतो.”

“बरं. मग मी खाली जाते. बाराला दोन तास आहेत.”

तेव्हां राइमोपंत, ज्यांनी अकरा महिने एकवीस सरदारांस दाद दिली नाही, ते हळूच कुजबुजले. भिंत पातळ असल्याने कुजबुज पोचली. स्वयंपाकघरात कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि हिल्क्काबाई आत आल्या.

“लग्नाच्या रात्रीचा बेत?” त्या म्हणाल्या. “अडतीस वर्षांत मला कधी सांगितला नाहीस. यंत्राला सांगितलास?”

आणि बखरकार शपथेवर लिहितो, की त्या आवाजात क्षणभर राग नव्हता. पंतांनी त्याच क्षणी तोंड बंद ठेवले असते तर या हकीकतीचा शेवट निराळा जाहाला असता. परंतु पंत म्हणाले:

“तसं काही नाही गं. सलग सात स्वर आहेत. फोडायला कठीण.”

“फोडायला कठीण,” हिल्क्काबाई म्हणाल्या. “ते मात्र खरं आहे तुझ्याबाबतीत.” आणि टेबलावरचा एक घडी केलेला कागद उचलून त्या जिना उतरल्या.

मग ओइलीबाईंनी एकेक चिन्ह सांगितले, पंतांनी एकेक टंकले, ह, मग दोन अवतरणचिन्हे, मग य, जो फिनिश भाषेत स्वरच, मग अर्धविराम, मग उरलेले तीन स्वर, आणि दार उघडले. आतमध्ये तळ्याचे चित्र, आणि दप्तर जसेच्या तसे. पंतांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ओइलीबाईंचा हात धरून हलविला. परंतु कृतज्ञतेपोटी शुक्रवार सात देऊ करावा हे त्यांस सुचले नाही. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि त्या निघून गेल्या.

प्रिंटरने प्रथमच, कोणतीही कुरकूर न करता, यादी छापून दिली. तीन रंग, बारीक चौकटी, कोपऱ्यात पेंग्विन. बारा वाजण्यास वीस मिनिटे बाकी असता पंत यादी दोन्ही हातांत धरून जिना उतरले.

फलकावर यादी लागलेली होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीने, हिल्क्काबाईंच्या अक्षरात. प्रत्येक दारी जाऊन विचारलेली, प्रत्येकाने आपल्या तासापुढे सही केलेली, बखरकाराचीही त्यात होती. शुक्रवार सात: ओइली आणि हिल्क्का. राइमो: मंगळवार चार.

पंतांनी फलकापाशी उभ्या असलेल्या कुटुंबास विचारले, की हे काय.

“गुरुवारी तासाभरात झालं,” हिल्क्काबाई म्हणाल्या. “लोकांना फक्त विचारायचं होतं.”

“पण माझी यादी वेळेत आहे! ठराव मोडलेला नाही!”

“नाहीच मोडला. छान झालीय तुझी. घरी लाव.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहाली, ती दप्तरी नमूद केली असे. जुनी पातशाही उलथली, पेंग्विनाची गादी स्थापन जाहाली, तिजोरी उघडली, मुदतीच्या आत वीस मिनिटे राखून यादी छापली गेली, आणि राइमोपंतांचा विजय कोणी नाकारला नाही. त्यांची यादी त्यांच्याच स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर लावलेली आहे, आणि तीप्रमाणे शुक्रवारी संध्याकाळी सातची पाळी राजेश्री राइमोपंत पाकारिनेन यांची आहे. पहिल्या शुक्रवारी सात वाजता पंत तिच्यासमोर एकटे बसून होते. तळघरातून दोन बायकांचे हसणे वर येत होते, आणि भिंत पातळ असल्याने बखरकारासही ते ऐकू आले.