काहीलभर शिदोरी

मैनेच्या दोन्ही नाकपुड्यांतून हिरवं पाणी गळायला लागलं, तेव्हा पिराजीआबांना वाटलं, घोडीला सर्दी झाली. त्यांनी धोतराचा सोगा पुढं केला आणि मायेनं म्हणाले, "शिंकर, बाय माझी. लाजू नगंस."

मैना शिंकरली नाही. तिनं मान लांब केली, खाली घातली, खोकली, पुन्हा लांब केली. तोंडातनं लाळेची तार जमिनीपर्यंत आली. सून निशिगंधा म्हशीची धार अर्धी टाकून पळत आली आणि तिनं आधी घमेल्यात डोकावून पाहिलं. लसूणघासाच्या वाळवून, दळून, दाबून केलेल्या कांड्या. बोटाच्या पेराएवढ्या आणि खडखडीत कोरड्या.

"आबा, भिजवल्या न्हाईसा?"

"भिजवून घालायला ती काय बिनदाताची म्हातारी हाय?"

"एकवीस वर्सांची हाय. घोड्याच्या हिशोबानं तुमच्यापेक्षा थोरली."

मगदूम डॉक्टर आले. त्यांनी आधी घमेलं उचलून लांब ठेवलं, मग पाण्याची बादलीही. घोडीला गुंगीचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली, कोमट पाणी सोडलं, काढलं, पुन्हा सोडलं. तासाभरानं घशातला हिरवा बोळा सुटला आणि मैनेनं असा लांब श्वास घेतला, की गोठ्यातल्या तिन्ही म्हशींनी माना वळवल्या.

"हपापून गिळलं तिनं," हात धूत डॉक्टर म्हणाले. "कोरडी कांडी घशात गेली, ओली झाली, फुगली आणि बुचासारखी बसली. आता चार दिवस पातळसर द्यायचं, थोडं थोडं. पुढंही एक भांडं कांडीला तीन भांडी पाणी, कोमट असलं तर बेस. बोटानं दाबल्यावर कांडीचं पीठ झालं पाहिजे. घमेल्यात चार मोठे गोटे टाका, म्हणजे गोट्याभोवती तोंड फिरवत सावकाश खाईल. आणि वजन करून घाला आबा, नजरेनं नको."

शेवटचं वाक्य आबांना लागलं. चाळीस वर्षं ते गुळव्या होते. कोडोलीच्या आसपास ज्या ज्या गुऱ्हाळावर पिराजीची नजर रसाच्या कढत्या काहिलीवर असे, तिथला गूळ सोन्यासारखा उतरे. उकळीचा आवाज ऐकून ते सांगत, आता चुना टाक, आता उतर. त्या माणसाला आता तराजू घेऊन बसा म्हणायचं! पण घोडीच्या गळ्यावर अजून घाम होता. आबांनी तो सोग्यानं पुसला.

बोलला तो राजवीर, त्यांचा मुलगा. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका क्लासमध्ये तो गणित शिकवी आणि घरी आल्यावरही फळ्यासमोरच उभा असल्यासारखा बोले.

"आबा, तुमचं वय, तिचं वय, दोन्हीची बेरीज करा. झेपतंय का? मुरगूडच्या कृष्णातशी बोललोय मी. म्हातारी घोडी सांभाळतोय त्यो. पुढच्या रविवारी गाडी घिऊन येतोय, द्यायची मैना."

आबांनी छपराकडं पाहिलं. याच घोडीला गाडी जोडून ते गुऱ्हाळामागून गुऱ्हाळ फिरले होते. वाट तिलाच ठाऊक असायची, आबा गाडीत झोपायचे.

निशिगंधा मधे पडली. "आठ दिवस द्या. डॉक्टर सांगत्यात तसं मी आनि आबा घालतो. कृष्णातदादा आल्यावर घोडी नीट खाताना दिसली, तर हितंच ऱ्हाईल. घोळ झाला तर घिऊन जाऊ देत."

"एक जरी घोळ झाला तरी?" राजवीरनं विचारलं.

"एक जरी."

आणि आबा शिकले की! सोमवारी अर्धा किलो, तेही दोन वेळा मिळून. मग जरा वाढ, मग आणखी जरा. वारणेच्या काठावरनं त्यांनी नारळाएवढे चार गोटे वेचून आणले, घासून घासून धुतले. घोडीच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे, तिच्या ओठाला लागणार नाहीत एवढे गुळगुळीत. पाणी घातल्यावर ते घड्याळ न बघता घमेल्यापाशी कान नेत. "आयकलंस व्हय पोरी? कुरकुरतंय अजून. कुरकुर थांबली की शिजलं." निशिगंधा कांडी दाबून बघे, आणि पीठ झालेलं असे. मैना गोट्यांभोवती तोंड फिरवी, चिमूट-चिमूट उचली, डोळे मिटून चावे. तिच्या पाठीवर पुन्हा चमक आली, पहाटेच्या दवात भिजलेल्या ज्वारीच्या पानासारखी.

सगळं सुरळीत चाललं होतं. घोळ झाला तो मायेपोटी.

रविवारी सकाळी निशिगंधा दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीवर गेली, राजवीर कृष्णातला आणायला कोल्हापूरच्या रस्त्याला गेला, आणि आबा घोडीशेजारी एकटे राहिले. त्यांना राजवीरच्या शब्दावर भरवसा नव्हता. 'पोरगं मास्तर हाय,' ते मनाशी म्हणाले, 'उत्तर आधी लिवतंय आनि गणित मागनं सोडवतंय. आज न्हेणारच.'

मग लेक सासरी निघाली तर रिकाम्या हातानं पाठवायची? कोडोलीत कुणाची लेक अशी गेली नाही. डब्यात लाडू, टोपलीत करंज्या, वाटेत खायला धपाटी. मैनेची शिदोरी ती काय? कांडी. आणि मुरगूडचा माणूस ती भिजवील, कुरकुर थांबेपर्यंत कान लावून बसेल, याचा काय नेम? इथूनच भिजवून दिली, की दहा दिवसांचं काम झालं.

घरामागच्या परड्यात काकवीची धाकटी काहील पालथी पडली होती. आबांनी ती उलटी केली, तीन दगडांवर बसवली, खाली उसाचं पाचट पेटवलं. काहिलीखाली जाळ धडधडला आणि आबांच्या अंगात चाळीस वर्षं परत आली. पाणी कोमट झालं, जाळ ओढला, आणि पोत्यात उरलेल्या बत्तीस किलो कांड्या त्यांनी एका दमात आत ओतल्या. लांब दांड्याच्या पळ्यानं ढवळताना ते गुणगुणत होते.

कांड्या फुगल्या. लगदा आधी वीतभर वर चढला, मग हातभर. काहिलीच्या काठाला हिरवा लगदा टेकला, काठावरनं वाकून बघायला लागला आणि शेवटी परड्यात उतरला. आबांनी पळ्यानं आत ढकलला, तो दुसऱ्या बाजूनं उतरला. रस उतू जायला लागला की थेंबभर तेल टाकून बसवता येतो. हे तेलाला ऐकणारं नव्हतं.

वास सुटला, आणि मैनेनं खुंटा उपटला.

निशिगंधा रिकाम्या किटल्या घेऊन परड्यात आली, तेव्हा घोडीचं तोंड काहिलीपासून हातभर लांब होतं आणि मधे आबा पळा आडवा धरून उभे होते. "न्हाई म्हनतो न्हवं! घास घास खायाचं ठरलंय आपलं!"

निशिगंधानं किटल्या टाकल्या, दोरी पकडली आणि घोडी खांबाला बांधून आली. मग काहिलीत पाहिलं. मग आबांकडं.

"आबा. ह्ये काय?"

"शिदोरी."

"कुणाची? सगळ्या पागेची?"

"मैनेची. धा दिसांची." आबांचा आवाज बारीक झाला. "दुसऱ्याच्या दारात उपाशी ऱ्हायला नगो."

निशिगंधाला रागवायचं होतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागाला तिथून वाट मिळाली नाही. "आवो, ह्या उन्हात दुपारपतूर आंबतंय ह्ये. आंबलेलं घातलं की पोट दुखून घोडी आडवी. डॉक्टरांनी सांगितलं न्हाई व्हय? आनि ह्ये आत्ता कृष्णातदादाला घिऊन येत्यात. एवढी काहील बघितली, की झाला घोळ!"

"मग? वढ्यात वतू?"

"वतायचं न्हाई. खपवायचं."

आधी तिनं मैनेचा वाटा तोलून घमेल्यात काढला, गोटे टाकले आणि घोडीपुढं ठेवला. मग कुंपणावरनं शेजारच्या अंबूबाईला हाक मारली. "अंबूआक्का, तुमच्या म्हशी सोडा. जेवणाचं आवतान हाय!"

अंबूबाईनं कुंपणावरनं काहील बघितली आणि कपाळाला हात लावला. "भावजी, ह्ये काय रांधलंय? गावजेवण?"

"व्हय," आबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग माझ्या दोन म्हशींनी काय हुतंय? थांबा." अंबूबाईचा आवाज असा, की गल्लीत तिला भोंगा लागत नसे. "ए बायांनो! पिराजी गुळव्याच्या दारात म्हशींची पंगत हाय! ताटं आणू नगा, म्हशी आना!"

पाव तासात गल्ली भरली. कुणाच्या दोन, कुणाच्या चार, मुऱ्हा, पंढरपुरी, एक गाभण, एक खोडील. आबांनी गल्लीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर रांगा लावल्या. निशिगंधानं नियम सांगितला: "सवय नसलेल्या पोटाला एकच पळा. जादा न्हाई. आनि गाभणीला अर्धा." मग पळा भरून आबा रांगेतनं निघाले. चाळीस वर्षं ज्या हातानं काकवी वाढली, तो हात आता घमेल्यांत, पाट्यांत, फुटक्या बादल्यांत हिरवा लगदा टाकत चालला. एका थेंबाचा फरक नाही. निशिगंधानं तिसऱ्या म्हशीचा वाटा काट्यावर ठेवून पाहिला. तीन किलो. सातव्या म्हशीचा, तीन किलो. तिनं काटा बाजूला ठेवून दिला.

"आनि जरा वाढा की भावजी!" अंबूबाई म्हशीच्या वतीनं बोलली.

"न्हाई. पोट बिघडलं तर माझं नाव बद्दू."

"अगा बया! पंगतीत न्हाई म्हननारा वाढपी आयुष्यात पयल्यांदाच बघितला." आणि ओवी तिच्या तोंडातनं सहज सुटली:

*"कोडोलीच्या म्हशी बाई, वळीनं बसल्या*
*पिराजीच्या पंगतीला, शिंगं हालवून हसल्या"*

बाया खिदळल्या. दुसरीनं पुढची ओळ जोडली, तिसरीनं तिच्यापुढची. छत्तीस म्हशींच्या चघळण्याचा आवाज गल्लीत असा भरला, जसा लांबून घाणा चालावा.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी राजवीरची दुचाकी थांबली, मागं कृष्णातचा टेम्पो. पुढं वाट नव्हती. दोन्ही बाजूंना शिंगं होती.

"लगीन हाय काय?" टेम्पोतनं उतरत कृष्णातनं विचारलं.

राजवीरनं काहील बघितली. बापाच्या कोपरापर्यंत हिरवे झालेले हात बघितले. त्याच्या डोक्यात आकडे भराभर जुळले. "बत्तीस किलो," तो हळूच म्हणाला, "गुणिले चार..." आणि मग मोठ्यानं, "आबा! ह्यो घोळ न्हाई तर काय?"

आबांनी पळा खाली ठेवला. आता लपवायला काही नव्हतं. "घोळच हाय. माझ्या हातनं झाला. घिऊन जा तिला."

गल्लीतल्या बायांनी आबांकडं बघितलं. अंबूबाईनंसुद्धा.

कृष्णात मात्र कुणाकडं बघत नव्हता. तो सरळ मैनेपाशी गेला. एवढ्या गलबल्यात घोडी आपल्या घमेल्यापुढं उभी होती, गोट्याभोवती ओठ फिरवत, घास तोंडात घोळवत, डोळे मिटून. कृष्णातनं तिच्या गळ्यावरनं हात खाली नेला, बरगड्यांवर फिरवला, वाकून लीद बघितली. मग घमेल्यातली चिमूटभर कांडी बोटात दाबली. पीठ झालं.

"कोन भिजवतंय ह्ये?"

"मी," आबा म्हणाले.

"किती वेळ?"

"कुरकुर थांबोस्तवर."

कृष्णातनं आबांकडं नीट बघितलं, मग राजवीरकडं. "मास्तर, ह्या घोडीला काय धाड भरलीया म्हनून द्याला लागलाय? एकविशीत असलं अंग माझ्या धा वर्सांच्या घोडीचं न्हाई."

तेवढ्यात टेम्पोत धाडकन लाथ बसली. फळ्या हादरल्या. आतून एक कातर, आशाळभूत खिंकाळणं आलं.

"त्यो आमचा म्हातारा," कृष्णात ओशाळला. "एकटी घोडी गाडीत भिती, म्हनून सोबतीला आनलाय. दाढा झिजल्यात. कडबा घातला की चघळतोय आनि चोथ्याचा बोळा करून टाकतोय. म्हैनाभर हाडं मोजतोय मी त्याची. कांडी आनली हुती, पर ठसका लागल म्हनून द्यायला भ्यालो."

आबांनी राजवीरला विचारलं नाही, सुनेला विचारलं नाही. टेम्पोचं फळकूट पाडून त्यांनी तो तांबडा, हाडकुळा घोडा खाली उतरवून घेतला. निशिगंधानं काहिलीच्या तळाशी उरलेल्यातनं ओंजळभर लगदा पाटीत घातला, आणखी पाणी घालून पातळ केला, दोन गोटे टाकले. "पयल्या दिवशी एवढंच," तिनं घोड्याला बजावलं.

घोड्यानं ओठ टेकवला. थबकला. मग चाटलं, गिळलं, पुन्हा चाटलं. चोथा पडला नाही, बोळा पडला नाही. पाटी कोरडी करून त्यानं मान वर केली, तेव्हा त्याच्या हनुवटीला हिरवी दाढी लागली होती. कृष्णातनं तोंड फिरवून गमच्यानं डोळे पुसले आणि खोटंच खोकला.

"आबा, पंधरा दिस ठिवू काय ह्याला तुमच्याकडं?"

"ठेवा की," राजवीर म्हणाला. सगळ्यांनी वळून बघितलं, तेव्हा तो लाजला. "म्हंजे... जागा हाय. आनि काटा-बिटा लागला तर मी हाय."

"काटा नगं," निशिगंधा म्हणाली. "पाणी तापवायला लागा."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा म्हशी घरोघर परतल्या होत्या, काहील लख्ख घासलेली उन्हात चमकत होती, आणि रिकामा टेम्पो खडखडत मुरगूडच्या वाटेला लागला होता. गोठ्यात मैना आणि तांबडा एकमेकांची मान हुंगत उभे होते, नव्या सोयऱ्यांसारखे, बोलायचं काय ते न सुचून.

राजवीर तांबड्याच्या पाठीवर हात फिरवत होता. "आबा, ह्याचं नाव काय वो?"

आबांनी निशिगंधाकडं बघितलं, तिनं रस्त्याकडं बघितलं. टेम्पोची धूळसुद्धा खाली बसली होती.

"इचारायचं ऱ्हायलं की," आबा म्हणाले. मग गोठ्याच्या दारात नीट उभे राहून, धोतर सारखं करून त्यांनी अदबीनं हाक मारली, "ओ पावणं!"

तांबड्यानं कान टवकारले आणि मान वळवली.