शांत दवाखान्याची ढाल

एका जंगलात एक फार शांत दवाखाना होता. जंगलातल्या सगळ्या बाया तिथेच बाळंत व्हायच्या.

मुलांनो, गोष्ट ऐकताना गप्प बसा असं मी म्हणणार नाही. खोकला आला तर खोका. शंका आली तर विचारा. गप्प बसल्याने काय होतं ते पुढे येईलच.

तर दवाखाना. तिथले मोठे डॉक्टर म्हणजे बगळेसाहेब. पांढरेशुभ्र. दिवसभर एका पायावर, डोळे मिटून उभे. हुशार होते हं! चोच इतकी हलकी, की अडलेलं पाडस अलगद सोडवतील. पण त्यासाठी डोळे उघडावे लागत. आणि डोळे उघडायला काहीतरी कारण नको का?

बाळंतिणींच्या खोलीत राज्य साळिंदरबाईंचं. पाठभर सुया. बाई आली की टोच. "ही कसली सुई हो, बाई?" असं एका हरणीने एकदा विचारलं होतं. उत्तर म्हणून तिला दुसरी टोचली.

दारावर तरस पहाऱ्याला. आत एकटीनेच जायचं. आई नाही, बहीण नाही, नवरा नाही. घरची माणसं आली की गोंगाट होतो.

आणि गोंगाट होऊन चालणार नव्हतं. दरवर्षी सगळ्यात शांत दवाखान्याला हत्तीआजोबांच्या हस्ते ढाल मिळायची. गेल्या वर्षीची ढाल बगळेसाहेबांच्या डोक्यावर वेलीने टांगलेली होती. ती पडू नये म्हणून सगळे हळू चालत.

खोलीतली कामाची पद्धतही सोपी होती. जी ओरडायची, तिला साळिंदरबाई म्हणायच्या, "नाटकं करते." मग तिच्याकडे कुणी बघत नसे. जी गप्प राहायची, तिच्याबद्दल बगळेसाहेब म्हणायचे, "गप्प आहे, म्हणजे अजून वेळ आहे." मग तिच्याकडेही कुणी बघत नसे. कामं कशी पटापट उरकायची!

त्याच जंगलात सगुणा नावाची भेकरीण राहायची. भेकर माहीत आहे ना? दिसतं हरणासारखं आणि भुंकतं कुत्र्यासारखं. वाघाचा वास आला की भेकर भुंकतं, मग वानर खेकसतं, मग मोर ओरडतो, आणि सगळं जंगल सावध होतं. एकाने हाक दिली की बाकीच्यांनी ती पुढे न्यायचीच, अशी तिथली रीत. विचारपूस नंतर.

सगुणा तर वाघ नसला तरी भुंकायची. बोरं पिकली, भुंक. ऊन पडलं, भुंक. धाकटा भाऊ झिपऱ्या तिला चिडवायचा, "अक्का, झोपेत तरी गप्प बस की गं!"

"मी गप्प बसले ना, तर तुलाच करमायचं नाही," ती म्हणायची.

मुलांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. नाही, राहू द्या. पुढे चला.

सगुणाचे दिवस भरले. कळा सुरू झाल्या. झिपऱ्या तिला दवाखान्यात घेऊन आला. नेमका ढालीचा दिवस. अंगणात हत्तीआजोबा कान पसरून बसले होते. समोर केळी.

"मी पण आत येतो," झिपऱ्या म्हणाला.

"तू बाळंत होणार आहेस का?" तरस म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. हळू आवाजात.

आत सगुणा उभी राहून कळा सोसत होती.

"आडवी हो," साळिंदरबाई म्हणाल्या. "इथे आडवंच व्हायचं असतं."

"बाई, आडवं झालं की जीव घुसमटतो. आणि बाळ उलटं आहे. मागचे पाय आधी येतायत. मला कळतंय."

"डॉक्टर तू की मी?"

"तुम्ही पण नाही," सगुणा म्हणाली.

हे खरं होतं, म्हणून साळिंदरबाईंना फार लागलं. त्यांनी सुई टोचली आणि तिला खाटेवर ढकललं. पुढची कळ आली. सगुणा भुंकली.

"ए! आवाज बंद! पाडस हवं असतं तेव्हा बऱ्या लाडात असता, आणि आता जंगल डोक्यावर घेता? आज ढाल गेली ना, तर तुझ्यामुळे गेली म्हणून रानभर सांगेन."

खोलीतल्या सगळ्या बाया बघत होत्या. सगुणाला लाज वाटली. तिने दात आवळले आणि गप्प झाली.

"भेकरीण गप्प झाली, साहेब," साळिंदरबाईंनी कळवलं.

"म्हणजे अजून वेळ आहे," बगळेसाहेब डोळे मिटूनच म्हणाले.

बाहेर हत्तीआजोबांनी मान डोलावली. "वा! आत भेकरीण आहे आणि तरी चिडीचूप!"

झिपऱ्याचे कान ताठ झाले. "आजोबा, आमची अक्का गप्प आहे?"

"आदर्श पेशंट."

"अहो, ती गप्प बसत नसते! आत काहीतरी बिघडलंय. तिला बघा कुणीतरी!"

"शूऽऽ," हत्तीआजोबा म्हणाले. "ढाल जाईल."

झिपऱ्या शिकलेला असता, तर त्याने रीतसर अर्ज केला असता. पण तो शाळेत फक्त मधल्या सुट्टीत खेळायला जायचा. त्याने मान वर केली आणि वाघ आल्यासारखा भुंकला.

पलीकडच्या रानातून दुसरं भेकर भुंकलं. वानरं खेकसली. मोर ओरडले. तरस दार सोडून पळाला. हत्तीआजोबा केळी टाकून झाडामागे लपले. झाड बांबूचं होतं. हादऱ्याने वेल तुटली आणि ढाल बगळेसाहेबांच्या उभ्या पायावर पडली.

बगळेसाहेबांनी डोळे उघडले. समोरच सगुणा.

"अरे, मागचे पाय दिसतायत! हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"तिनेच सांगितलं होतं की," बाजूच्या खाटेवरची सांबरीण म्हणाली.

तेवढ्यात झिपऱ्या आत घुसला आणि अक्काच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला. "भुंक गं अक्का! सगळं जंगल भुंकतंय, त्यात तुझं कोण ऐकतंय!"

डोळे उघडल्यावर बगळेसाहेब एकदम डॉक्टर झाले. "बाई, कसं बरं वाटतं तुम्हाला? उभं की आडवं?"

सगुणाने आधी मागे बघितलं. दुसऱ्या कुणाला विचारतायत की काय! मग म्हणाली, "उभं."

"मग उभ्या राहा. मी चोच लावणार आहे. जरा दुखेल. लावू?"

"लावा."

आणि सगुणा भुंकली! अशी भुंकली, की ओढ्यात झोपलेला खरा वाघ दचकून उठला आणि दुसऱ्या जंगलात राहायला गेला. पाडस बाहेर आलं. आल्या आल्या तेही भुंकलं.

ढाल अर्थातच गेली. त्या वर्षी ती गिधाडांच्या माळाला मिळाली. मेलेल्यांना नेऊन टाकतात, तो माळ. "एक आवाज नाही, एक तक्रार नाही," हत्तीआजोबा भाषणात म्हणाले.

"त्यातल्या बऱ्याच जणी आमच्याच पेशंट," साळिंदरबाई अभिमानाने म्हणाल्या.

आणि सगुणा पाडसाला घेऊन, वाटभर भुंकत, घरी आली.

मुलांनो, घरी आली म्हणजे आली. कुणी मध्येच "पण खरं तर" असं म्हणायचं नाही. बाकी हवं ते बोला. गोष्ट मी सांगतोय, आणि माझ्या गोष्टीत अक्का घरी येते.

तात्पर्य: बाळंतपणात बाईने गप्प राहावं. दवाखान्याचं नाव होतं, साहेबांची झोपही होते. अडाणी भावाला मात्र दारापर्यंतसुद्धा आणू नये. तो नियम मोडतो, आणि मग बाई जगते.